सेंद्रियचा 'इम्पॅक्ट' मोजायचा कसा? फंडरची एक्सेल आलीय आणि मी अडकलोय

चोपड्याचा_फिल्डवाला

राम राम मंडळी. एका छोट्या संस्थेत फिल्डवर आहे, चोपडा-शिरपूर पट्ट्यात. तीन वर्षं झाली कपाशीवाल्यांना सेंद्रियकडे वळवायचं काम चाललंय, म्हणजे जीवामृत-दशपर्णीचं (शेण-गोमूत्राचं खत आणि झाडपाल्याचं कीड-औषध) ट्रेनिंग, ते बनवायला ड्रम फुकट, कामगंध सापळे (किडीचे पतंग पकडायचे) फुकट, पीजीएसचे गट (शेतकरीच एकमेकांची शेती तपासून सेंद्रियचा दाखला देतात ते), आणि सरळ वाणाचं (बीटी-संकरित नसलेलं) बियाणं कुठून कुठून शोधून आणून देणं (हे सगळ्यात अवघड, दुकानात बीटी सोडून दुसरं मिळतं कुठे). आता फंडरने, म्हणजे पैसे देणाऱ्याने, एक्सेल पाठवलीय. लाभार्थी किती, ट्रेनिंग किती, एकर किती, उत्पन्न किती टक्के वाढलं, जमिनीतला कार्बन किती वाढला.

पहिले तीन रकाने मी डोळे झाकून भरतो. पण उत्पन्न? पहिल्या वर्षी बऱ्याच जणांची कपाशी कमी पिकली हे मला माहितीये, दुसऱ्या वर्षी पाऊस बरा झाला तर सगळ्यांचीच पिकली, रासायनिकवाल्यांचीपण, मग ते आमच्यामुळे झालं असं लिहू का? सुरुवातीला काहीच मोजून ठेवलं नाही ही आमची चूक, मान्य. परवा एका बाबांकडे फॉर्म घेऊन गेलो तर म्हणे "तुले जे लिखनं ते लिखी ले भाऊ, मी सही करी देस". आता बोला.

कांदेबाग_यावल

भाऊ तो बाबा खरं बोलला, आम्ही सगळे तेच करतो. ज्याने ड्रम फुकट दिला त्याच्या तोंडावर "फायदा नाही झाला" कोण म्हणेल? म्हणून पहिलं काम, सर्व्हेला तू जाऊ नको, दुसऱ्या कुणाला पाठव.

मी स्वतः केळी रासायनिक ठेवली आणि 2 एकर कपाशी सेंद्रिय केली. तुमच्यासारख्याच एका संस्थेच्या कागदावर मी "सेंद्रिय शेतकरी" आणि माझं सगळं 6 एकर धरलेलं, केळीला युरिया मी ठिबकमधून सोडतोय तरी! तुझ्या एकरच्या रकान्यात असे किती आहेत ते आधी बघ. माझ्या अंदाजाने तो आकडाच निम्मा होईल.

आणि उत्पन्न उत्पन्न काय करता, क्विंटल नका विचारू, घरात उरलं किती ते विचारा. माझी कपाशी कमी आली पण कृषी केंद्राची उधारी पण कमी झाली. ती उधारीची वही बघ, माणूस खोटं बोलेल, वही नाही बोलणार. फक्त दुसरी बाजूपण लिही. निंदणी वाढते. तणनाशक बंद म्हटल्यावर बाई जास्त दिवस शेतात वाकते, आणि ती घरची असली की खर्चात शून्य. माझ्या बायकोने हिशोब मांडला तर सेंद्रिय कपाशी तोट्यात निघेल असं ती स्वतःच म्हणते 😅 भावाचं म्हणशील तर बदलाच्या काळात (रसायन बंद केलं पण सेंद्रियचा दाखला अजून नाही) जादा भाव मिळतच नाही, माल साध्या कपाशीतच जातो, मग उत्पन्न वाढलं कुठून?

आकडेमोड_धुळे

वरच्या भाऊंना +1. मी हेच काम करतो, सर्व्हेचं, म्हणून थोडं लांबतंय.

"आधी किती, नंतर किती" एवढंच बघाल तर पाऊस आणि भाव हे दोघं तुमचं श्रेय खाऊन जातील, नाहीतर फुकटचं देऊन जातील. जिथे तुमची संस्था पोचली नाही अशी दोन-तीन गावं घ्या, जमीन सारखी, पाणी सारखं (कोरडवाहूला कोरडवाहू, ठिबकवाल्याला ठिबकवाला), आणि एकाच हंगामाचा हिशोब दोन्हीकडे घ्या. तरी एक गोम राहतेच, तुमच्याकडे आधी आले ते मुळातच हुशार, धडपडे शेतकरी असणार, ते तुमच्याशिवायपण शेजाऱ्यापेक्षा जास्त काढत होते. म्हणून समोरच्या गावातपण तसेच धडपडे शोधायचे, कुणीपण नाही. तीन वर्षांपूर्वीचं तोंडी विचारून बेसलाइन (सुरुवातीचा आकडा) बनवू नका, कुणाला आठवत नाही. व्यापाऱ्याच्या पट्ट्या (विक्रीच्या पावत्या), खताची बिलं, जे कागद असतील तेवढ्यावरच चाला.

कार्बनचा रकाना सरळ मोकळा सोडा आणि का सोडला ते लिहा. आपल्या काळ्या जमिनीत सेंद्रिय कर्ब तीन वर्षांत जो हलतो त्यापेक्षा नमुना घेण्यातला फरक मोठा असतो. एकदा बांधाजवळून घेतला, एकदा शेणखताच्या ढिगाजवळून, झाली "वाढ". मोजायचंच असेल तर आतापासून धरा, तीच जागा, तोच महिना, तीच लॅब, वरच्या 15 सेंमीतली माती.

सर्टिफिकेटपण इम्पॅक्ट म्हणून लावू नका. पीजीएस-ग्रीन म्हणजे अजून वाटेवर आहे एवढंच. एक्स्पोर्टला पाठवायचं तर एनपीओपी (सरकारी नियमांचं सेंद्रिय प्रमाणपत्र) लागतं, तिथे हंगामी पिकाला पेरणीआधी दोन वर्षं बदलाची, म्हणजे तुमचे तीन वर्षांचे शेतकरी आत्ता कुठे दारात आलेत. खरं मोजमाप यापुढे आहे.

जाता जाता, फंडर कंपनी आहे का? 2021 पासून नियम असा की ज्या कंपनीचं सीएसआरचं (कायद्याने समाजकामावर करायच्या खर्चाचं) बंधन मागच्या तीन वर्षांच्या सरासरीत 10 कोटी किंवा जास्त आहे, तिला 1 कोटी आणि वरच्या प्रोजेक्टचं इम्पॅक्ट असेसमेंट बाहेरच्या एजन्सीकडून करून घ्यावं लागतं, तेही काम पूर्ण होऊन वर्ष झाल्यावर. तुमचा प्रोजेक्ट छोटा असेल तर ही एक्सेल त्यांच्या हौसेची आहे, बोलून रकाने बदलता येतात. विचारून तर बघा.

सातपुड्यातून

धडगावकडून बोलतोय. एक राहिलं. आमच्या डोंगरात बऱ्याच पाड्यांवर ज्वारी आणि मोर, बंटी ही बारीक धान्यं पेरणारे लोक कित्येक वर्षांत युरियाची गोणी घरी आणत नाहीत, परवडतच नाही. अशांना गोळा करून "सेंद्रियकडे वळवले" म्हणून मोजायचं फॅड आलंय, कारण ते सगळ्यात सोपे. काय वळवलं? आधीपण तेच होते. त्यांना भाव मिळवून दिला असेल तर तो मोजा, तो खरा फायदा, पण "इतक्या एकरातलं रसायन बंद केलं" असं लिहू नका. लाभार्थ्यांच्या यादीत प्रत्येकापुढे एकच गोष्ट लिही, संस्था यायच्या आधी तो काय टाकत होता.

चोपड्याचा_फिल्डवाला

सगळ्यांचे आभार, झोप उडवलीत पण ठीक. यावलवाल्या भाऊंचं वाचून काल यादी काढली, जे मधेच सोडून गेले त्यांची. आमच्या रिपोर्टात ते कधीच नव्हते, नाव कापलं की विषय संपला. चौघांशी फोनवर बोललो, चौघांकडे स्वतःची गाय नाही! आमचं जीवामृत म्हणजे 10 किलो शेण, 10 लिटर गोमूत्र, ते दर वेळी कुणाच्या गोठ्यातून मागून आणणार, हे तीन वर्षांत आमच्या एकाही मीटिंगमध्ये आलं नाही. फंडरला हाच रकाना वाढवून मागतोय, सोडलं कुणी आणि का. आणि फुकट देणं मार्चला बंद होतंय, पुढच्या खरिपात कोण स्वतःच्या पैशाने चालू ठेवतं ते बघून मग उत्पन्नाचं लिहू असं साहेबांना सांगितलंय, साहेब अजून गप्प आहेत.

फक्त एक सांगा, ती उधारीची वही कृषी केंद्रवाला मला दाखवेल का?

कांदेबाग_यावल

तुला नाही दाखवणार. शेतकऱ्याला सोबत ने, त्याचं पान तो मागेल. आणि दिवाळीनंतर जा, वसुली सुरू झाली की वह्या आपोआप बाहेर निघतात.