घरून काम, एकच खोली गरम ठेवायची आहे – सल्ला हवा

नमस्कार मंडळी,

नवरा ऑफिसला, मुलगी शाळेत. दिवसभर घरात मी एकटी, वरच्या लहान खोलीत लॅपटॉपसमोर. घर जुनं टेरेस, म्हणजे रांगेतलं, शेजारच्या घरांना भिंत लागून असलेलं; भिंती भरीव विटांच्या. माझ्या एकटीसाठी सगळं घर तापवणं जिवावर येतं. तेलाचा इलेक्ट्रिक रेडिएटर घेऊ का? जानेवारीत सासूबाई नाशिकहून येताहेत, त्याही दिवसा घरीच असतील.

– हेडिंग्ली, लीड्स

*

ताई, आधी हिशेब बघा. सध्या विजेचं युनिट 25 ते 28 पेन्स आणि गॅसचं सहाच्या आसपास, म्हणजे वीज चौपटीहून महाग. तेलाचा असो, पंख्याचा असो, महाग असो की स्वस्त, एका युनिटात प्रत्येक हीटर तेवढीच उष्णता देतो. आठ तासांत सरासरी एक किलोवॉट धरला तर दिवसाला दोन पौंडांच्या वर गेले. तेवढीच उष्णता गॅसवर पाणी तापवून घरभरच्या रेडिएटरांत फिरवणाऱ्या बॉयलरकडून साठ पेन्सच्या आत मिळते.

म्हणून गॅसच वापरा, पण बाकीच्या रेडिएटरांचे आकडेवाले व्हॉल्व्ह 1 वर आणा, दारं लावा आणि तुमच्या खोलीचा 3 वर ठेवा. एक गोष्ट मात्र नक्की तपासा, बरेच जण इथेच अडकतात. थर्मोस्टॅट, म्हणजे तापमान बघून बॉयलर चालू-बंद करणारं यंत्र, खालच्या पॅसेजमध्ये असेल तर बॉयलर तुमच्या खोलीकडे बघत नाही, पॅसेजकडे बघतो. वायरलेस असेल तर तो उचलून टेबलावर ठेवा. आणि कॉम्बी बॉयलर (टाकीशिवाय नळाचं पाणी लागेल तेव्हा तापवणारा) असेल तर रेडिएटरच्या पाण्याचं तापमान 60 वर आणा, गॅस कमी जळतो. गरम पाण्याची टाकी असेल तर हे करू नका. टाकीतलं पाणी 60 च्या खाली राहिलं तर लिजिओनेला जंतूंची भीती असते.

– काका, ब्रॅडफर्ड

*

काकांचं पटतं, पण पूर्ण नाही. एकाच रेडिएटरसाठी मोठा बॉयलर सारखा चालू-बंद होत राहतो, त्यात गॅस वाया जातो. तासाभराची मीटिंग असेल तर छोटा हीटर लावून मोकळं व्हावं. तो थेट भिंतीतल्या सॉकेटला लावा, एक्स्टेंशनला नको.

माझं मत असं की खोलीआधी माणूस गरम करावा. हीटेड थ्रो, म्हणजे विजेवर गरम होणारं पांघरूण, शंभर-सव्वाशे वॉटचा असतो, दिवसभर पांघरला तरी वीस-तीस पेन्स. बंद फायरप्लेस असेल तर धुराड्यातून येणारा वारा अडवा, दाराखाली कापडाची लांब गुंडाळी घाला. गॅस सिलिंडरवरचा फिरता हीटर बंद खोलीत अजिबात आणू नका. कार्बन मोनॉक्साइडचा धोका तर आहेच, वर ओल धरते. त्या खोलीत कपडेही वाळत घालू नका.

सासूबाई आल्या की मात्र ही काटकसर तुमच्यापुरतीच ठेवा. वयस्कर माणसाला गारठा उशिरा कळतो आणि नाशिकहून आलेल्या बाई संकोचाने बोलणारही नाहीत. त्या बसतील ती खोली 18 अंशांच्या खाली जाऊ देऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेनेही हाच आकडा सांगितला आहे. दहा पौंडांचं खोलीचं थर्मामीटर घ्या, अंदाजावर राहू नका.

– काकू, राउंडहे

*

काका, काकू, मनापासून आभार. थर्मोस्टॅट पॅसेजमध्येच आहे आणि भिंतीला पक्का जोडलेला आहे. घर भाड्याचं, त्यामुळे घरमालकाला आजच विचारते. तोवर दारं बंद आणि थ्रो. सासूबाई आल्या की मी लॅपटॉप घेऊन खाली त्यांच्याच खोलीत बसेन, म्हणजे तापवायची खोली एकच राहील. लीड्समध्ये वायरलेस थर्मोस्टॅट बसवून देणारा भरवशाचा माणूस कुणाला माहीत असेल तर कळवा.