शुक्रवारची मासळी आणि टोसाचे आप्पा

मिलवॉकी (अमेरिका) मराठी कट्टा: ग्रुपवरची नावं ज्याच्या त्याच्या राहत्या भागावरून
बुधवार, संध्याकाळ

टोसा ताई: आई-आप्पांना येऊन पाच दिवस झाले. रविवारी आर्ट म्युझियमला नेलं, तर इमारतीवरचे ते उघडणारे मोठे पंखच मिटलेले. आप्पा म्हणाले, एवढ्या लांब येऊन बंद छत्री बघितली. शुक्रवारी सगळे मिळून कुठेतरी जेवायला जाऊ या का? आप्पांना कालच ग्रुपवर घेतलंय, जरा जपून बोला.

बे व्ह्यू: वारा ताशी २३ मैलांच्या वर गेला की ते पंख आपोआप मिटतात. मिशिगन तळ्याकाठी मे महिन्यात हे चालायचंच. आज तुमच्याकडे टोसात ७५ फॅरनहाइट आणि इथे तळ्याजवळ ५४! स्वेटर घालून बसलोय.

बे व्ह्यू: आणि शुक्रवार म्हणजे फिश फ्राय, तळलेल्या मासळीचं ताट, त्यात विचारायचं काय?

टोसा ताई: अरे, ते शाकाहारी आहेत. अंडंसुद्धा नाही.

बे व्ह्यू: अरे हो. सॉरी आप्पा 🙏

ओक क्रीक काका: तरी न्या त्यांना. शुक्रवार बघितल्याशिवाय हे गाव कळत नाही. मूळ कॅथलिक लोकांचं, शुक्रवारी मांस नाही म्हणून मासा. मग १९२० ला दारूबंदी आली, गुत्तेवाल्यांनी गिऱ्हाईक टिकवायला स्वस्तात मासा तळून द्यायला सुरुवात केली. पर्च नावाचा मासा समोरच्या तळ्यात मुबलक होता. १९३३ ला बंदी उठली, मासा राहिला. आता कॅथलिक नसलेलेही तितक्याच भक्तीने रांगेत उभे राहतात. मी इथे आलो त्या पहिल्या शुक्रवारी ऑफिसातल्यांनी मला नेलं होतं, तेव्हा ताटात मिशिगन तळ्यातलाच पर्च होता. १९९६ मध्ये विस्कॉन्सिनच्या बाजूला त्याची व्यापारी मासेमारी बंद केली. आता पर्च बाहेरून येतो, म्हणून महाग. लोक कॉड खातात. कॉड म्हणजे समजूत घालणं आहे.

ब्रुकफील्ड काकू: भाऊजी, प्रश्न आप्पांच्या जेवणाचा आहे.

ओक क्रीक काका: त्यावरच येतोय. ताटात मासा सोडून बाकीचंही असतं की. बटाट्याचे पॅनकेक, त्यावर सफरचंदाचा सॉस. म्हणजे आपलं उपवासाचं बटाट्याचं थालीपीठच.

टोसा ताई: वा! हे आप्पांना आवडेल.

ब्रुकफील्ड काकू: थांब. त्या पॅनकेकात अंडं फोडतात गं. त्याशिवाय कीस एकत्र धरत नाही. मी स्वतः विचारलंय.

टोसा ताई: 😐 बरं. फ्रेंच फ्राइज?

ब्रुकफील्ड काकू: मासा तळलेल्या तेलातच तळतात बऱ्याच ठिकाणी. विचारून घ्यायचं.

बे व्ह्यू: कोलस्लॉ? कोबीच तर आहे.

ब्रुकफील्ड काकू: मेयोनीज. अंडं.

बे व्ह्यू: मग राहिला रायचा ब्रेड आणि लिंबाची फोड.

ओक क्रीक काका: मध्येच विचारतो, शनिवारी शिकागोला डेव्हन अव्हेन्यूला चाललोय. कोणाला काय हवंय ते आज रात्रीपर्यंत सांगा. मागच्या वेळी सहा जणांचा कढीपत्ता आणला, पैसे दोघांनी दिले.

ब्रुकफील्ड काकू: मला भगर आणि राजगिरा. आणि कढीपत्ता. पैसे दिले होते मी.

ओक क्रीक काका: दिले होते. दुसरे तुम्हीच.

टोसा ताई: मला एक सुचतंय. घरूनच पिठलं-भाकरी खाऊन निघायचं आणि लेकफ्रंट ब्रुअरीत नुसतं बसायचं. शुक्रवारी पोल्काचा बँड असतो. आप्पांना वाजंत्री आवडते. ज्यांना मासा खायचाय ते खातील.

बे व्ह्यू: बेस्ट. ती इमारतही दाखवण्यासारखी आहे, नदीकाठचं जुनं वीजघर, कोळशावरचं.

टोसा ताई: पिवळट विटांचं ना? आप्पांना मिलवॉकीचं ‘क्रीम सिटी’ हे नाव दुधा-लोण्यावरून पडलं असं वाटत होतं.

ओक क्रीक काका: सगळ्यांना वाटतं. इथल्या मातीत चुना आणि मॅग्नेशियम जास्त, म्हणून वीट भाजली की लाल होण्याऐवजी सायीसारखी पिवळी होते. लोण्याचा काही संबंध नाही. दुधाचं म्हणाल तर ते नंतर फ्रोझन कस्टर्डच्या दुकानात.

टोसा ताई: हो, शेवट कस्टर्डनेच करू. आप्पांना भयंकर आवडलंय. रोज संध्याकाळी चप्पल घालून तयार असतात. म्हणतात, आईस्क्रीम यापुढे पाणी.

बे व्ह्यू: आवडणारच, अंड्याच्या बलकामुळेच तर ते इतकं दाट होतं. नियमच आहे, फ्रोझन कस्टर्ड म्हणायचं तर बलकाचा घन भाग किमान १.४ टक्के हवा, नाहीतर ते नुसतं आईस्क्री

बे व्ह्यू: हा मेसेज डिलीट केला

ब्रुकफील्ड काकू: आता डिलीट करून काय. सगळ्यांनी वाचला.

टोसा ताई: मला खरंच माहीत नव्हतं. अकरा वर्षं इथे राहतेय मी!

ओक क्रीक काका: ‘कस्टर्ड’ शब्दातच अंडं आहे गं. आपल्याकडे पाकिटातली पूड दुधात कालवून करतात, त्यात अंडं नसतं, म्हणून आपल्या डोक्यात येत नाही.

ब्रुकफील्ड काकू: कदाचित आप्पांनी ग्रुप उघडलाच नसेल. चष्मा लागतो ना त्यांना?

(बारा मिनिटं कोणीच काही लिहिलं नाही. या ग्रुपवर असं होत नाही.)

टोसाचे आप्पा: नमस्कार मंडळी. चष्मा लावूनच वाचत होतो. सावकाश टाइप करतो, सांभाळून घ्या. बँकेत चौतीस वर्षं काढली, त्यामुळे आधी हिशेब केला. पाच दिवसांत सहा स्कूप झाले. एक स्कूप शंभर ग्रॅमचा धरला तर सहाशे ग्रॅम. त्याचे १.४ टक्के म्हणजे ८.४ ग्रॅम. हे एका अंड्याच्या हिशेबात किती होतं, कोणी सांगेल का?

ब्रुकफील्ड काकू: आप्पा, एक बलक साधारण सतरा ग्रॅमचा. त्यातलं निम्मं पाणी.

टोसाचे आप्पा: म्हणजे एक अख्खं अंडं.

ब्रुकफील्ड काकू: फक्त पिवळा भाग, आप्पा.

टोसाचे आप्पा: आभारी आहे. हिला दाताला थंड लागतं म्हणून हिने चवही घेतली नव्हती. ती सुटली.

टोसा ताई: आप्पा, मी बाहेर येते, बोलू या. रागावलात?

टोसाचे आप्पा: तू स्वयंपाकघरात, मी बाहेरच्या खोलीत, आणि बोलतोय फोनवर. रागावलो नाही. वय एकाहत्तर, नियम मोडला तो न कळता. शुक्रवारी येणार, वाजंत्री ऐकायची आहे. पिठल्यात लसूण जास्त घाल.

बे व्ह्यू: आप्पा, खरंच सॉरी. शुक्रवारी तुम्हाला न्यायला मी येतो. वाटेत हॉप ट्रॅममधून चक्करही मारू, तिला तिकीट नसतं.

टोसाचे आप्पा: फुकट ट्रॅम? बघायला हवी.

ओक क्रीक काका: मग ठरलं. सहाला लेकफ्रंट, उशीर झाला तर टेबल मिळणार नाही. तिथून कस्टर्ड रद्द, सरळ घरी चहा.

टोसाचे आप्पा: रद्द कशाला? बाकीच्यांनी खावं. आपण परवा गेलो ते सत्तावीस नंबरच्या रस्त्यावरचं, निऑनच्या दिव्यांचं दुकान, तिथेच जाऊ. माझं मी बघतो.

टोसाचे आप्पा: तिथे बटर पेकन शुक्रवारी असतं का?

बे व्ह्यू: लिऑन्सला रोज असतं, आप्पा.