सीक्वेन्सर सा पाठवतो, सिंथ पंचम वाजवतो

खर्ज: तीन रात्री यातच गेल्या, म्हणून विचारतोय. माझ्याकडे एक छोटा अ‍ॅनालॉग सिंथ (सिंथेसायझर) आहे, बाहेरच्या तारा जोडायची पॅच सॉकेटं असलेला. स्वतःच्या कीबोर्डवर चोख सुरात वाजतो. मॉड्युलर रॅकमधल्या सीक्वेन्सरचा (सूर ओळीने आपोआप पाठवणारं यंत्र) पिच सीव्ही, म्हणजे कोणता सूर वाजवायचा ते सांगणारं व्होल्टेज, जोडला की घोळ होतो. १ व्होल्टवर सा लावून घेतला. २ व्होल्टला वरचा सा बरोबर येतो, पण ३ व्होल्टला अतितार सा यायचा तिथे पंचम लागतो! मधले सूर तर सगळेच सरकलेले. गेटही (नोट कधी सुरू, कधी बंद ते सांगणारा इशारा) उलटं: नोट सुरू व्हायची तेव्हा शांतता, नोट संपली की सलग आवाज. बिघडलाय का? याच्या फिल्टरवर माझा जीव आहे, काढून टाकायचा नाहीये.

तांब्याची तार: बिघडलेला नाही, पंचमानेच ते सांगितलंय. तुमचा सिंथ हर्ट्झ प्रति व्होल्ट पद्धतीचा आहे. त्यात व्होल्टेज जितकं पट, तितकी पट कंपनसंख्या. २ चे ३ व्होल्ट झाले म्हणजे दीडपट, आणि दीडपट म्हणजे पंचम. सीक्वेन्सर मात्र दर सप्तकाला १ व्होल्ट वाढवतो: १, २, ३, ४. सिंथला हवेत १, २, ४, ८. कोर्ग कंपनीचा १९७८ चा एमएस-२० सिंथ असाच होता. सीक्वेन्सरची ही पद्धत मूग कंपनीची, व्होल्ट प्रति सप्तक; ती पुढे युरोरॅक या मॉड्युलर रॅकच्या प्रकारात रुजली.

गेटचं काम सोपं आहे. या सिंथला ५ व्होल्ट नकोत, ट्रिगरची (नोट सुरू करणारी) तार ग्राउंडला टेकायला हवी. एक एनपीएन ट्रान्झिस्टर घ्या, २एन३९०४ चालेल. गेट १० किलोओहममधून बेसला, एमिटर ग्राउंडला, कलेक्टर ट्रिगर सॉकेटच्या टोकाला. दोन्हीकडचं ग्राउंड एकच हवं, ते विसरू नका. पिचसाठी मात्र एका पद्धतीचं व्होल्टेज दुसरीत बदलणारा कन्व्हर्टर लागेलच, किंवा दोन्ही पद्धती देणारा सीक्वेन्सर. कोर्गचा एसक्यू-१ देतो.

मंद्र सप्तक: कन्व्हर्टर घेतल्यावरही दोन गोष्टी राहतात, त्या आधीच सांगतो. मी खूप हौसेने बेससाठी असा सिंथ जोडला होता. खाली जाताना व्होल्टेज अर्धं-अर्धं होत जातं: ०.५, ०.२५, ०.१२५. तिथे १० मिलिव्होल्टची चूक म्हणजे ८ टक्के, अर्ध्या सुरापेक्षा जास्त. वरच्या सप्तकात तीच चूक कानाला कळतही नाही. म्हणून खालच्या सुरांवर ट्यून करा, वरच्या नाही.

दुसरं, कन्व्हर्टरच्या पुढे सीव्हीत काही मिसळू नका. ०.१ व्होल्टचा व्हायब्रेटो १ व्होल्टवर जवळजवळ एक पूर्ण सूर हलतो, ८ व्होल्टवर जेमतेम थरथरतो. ट्रान्सपोज, व्हायब्रेटो, जे करायचं ते कन्व्हर्टरच्या अलीकडे.

खर्ज: दोघांचेही मनापासून आभार. काल ट्रान्झिस्टर जोडला आणि पहिल्याच ठोक्याला नोट जागेवर पडली. मग सिंथच्या कीबोर्डचा पिच आउट मल्टीमीटरवर मोजला, तीन सा: १.०१, २.०२, ४.०३. आकडे बघून जिवात जीव आला. कन्व्हर्टर येईपर्यंत सूर हातानेच वाजवतोय आणि सीक्वेन्सर फिल्टरच्या कटऑफला (आवाजाचा कोणता भाग कापायचा ते ठरवणारा बिंदू) लावलाय. फिल्टर नुसता बोलतोय!