टी-टेस्ट आणि रिग्रेशन: टी तोच, पी वेगळा?

डोंबिवली_फास्ट_लेडीज: एम.ए. सायकॉलॉजी, दुसरं वर्ष. क्लासमध्ये तक्ता पाठ करून घेतलाय: दोन गटांच्या सरासऱ्या ताडायच्या असल्या की टी-टेस्ट, तीन असले की अनोवा. का, विचारलं तर म्हणे परीक्षेला येत नाही. म्हणून स्वतःच ठाणे ते दादर वेळ टिपली, १० दिवस फास्ट, १० दिवस स्लो. सरासरी २८ आणि ४१ मिनिटं. 'आर' या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमध्ये टी-टेस्ट केली, मग उगाच तेच आकडे रिग्रेशनला, म्हणजे आकड्यांतून सरळ रेषा बसवायला, घातले. टी (आकड्यांच्या विखुरण्याच्या मानाने फरक किती मोठा) तोच आला, फक्त चिन्ह उलटं. पी (खरा फरक नसतानाही योगायोगाने एवढा किंवा जास्त फरक दिसण्याची शक्यता) मात्र जरासा वेगळा. माझं काय चुकलं?

जुना_मास्तर: काही नाही गं. रिग्रेशनला लोकल कळत नाही. त्याने फास्टला ०, स्लोला १ धरलं. रेषा ० पाशी २८ वर, १ पाशी ४१ वर; चढ १३. हा चढ खरा की योगायोगाचा, एवढंच टी-टेस्टही विचारते. फक्त ती २८ मधून ४१ वजा करते, म्हणून चिन्ह उलटं.

पीचं म्हणशील तर 'आर' न विचारता वेल्चची टी-टेस्ट चालवतं. ती दोन्ही गटांचा पसारा, म्हणजे आकडे सरासरीपासून किती विखुरलेत ते, वेगळा धरते, साधं रिग्रेशन एकच धरतं. दिवस १०-१० म्हणून टी तरी जुळला. टीवरून पी काढताना लागणारा दुसरा आकडा, डिग्रीज ऑफ फ्रीडम, बघ बरं.

डोंबिवली_फास्ट_लेडीज: रिग्रेशनला १८, टी-टेस्टला १३.६! पसारा समान धरायला सांगितलं, पी शेवटच्या अंकापर्यंत जुळला. एसी लोकल घेतली तर?

जुना_मास्तर: आणखी एक ०-१ चा रकाना. एसीला १, बाकीच्यांना ०. दोन्ही चढ मिळून शून्य आहेत का, हे एफ नावाचा एकच आकडा सांगतो. झाली अनोवा. गट दोनच असतील तर एफ म्हणजे टीचा वर्ग, करून बघ.

परळचा_बंड्या: मग नावं इतकी कशाला?

जुना_मास्तर: गरजा वेगळ्या होत्या. टी-टेस्टवाला गॉसेट गिनेसच्या बिअर कारखान्यात होता, १९०८ साली 'स्टुडंट' नावाने छापलं त्याने. अनोवावाला फिशर शेतातले प्रयोग सोडवत होता. मॅन-व्हिटनी, म्हणजे आकड्यांऐवजी त्यांचे लहान-मोठे क्रमांक ताडणारी टेस्ट, तीही क्रमांकांवरच्या रेषेच्या जवळ जाते, पण जवळच. आकडे थोडे असतील तर विसंबू नका.

मला वेगळंच खटकतंय. स्लोचा पसारा इतका का?

डोंबिवली_फास्ट_लेडीज: स्लोच्या ६ दिवशी मुसळधार होता. फास्टच्या एकाच.

जुना_मास्तर: मग त्या १३ मध्ये पाऊस किती, गाडी किती? टी-टेस्टमध्ये त्याला जागा नाही, रिग्रेशनमध्ये पावसाचा रकाना जोडता येतो. पण फास्टच्या एका ओल्या दिवसावर कितीसा भार टाकणार? पावसात फास्टने जा अजून थोडे दिवस.

डोंबिवली_फास्ट_लेडीज: सर, पावसात फास्टमध्ये चढायला मिळत नाही, म्हणून तर स्लो पकडते.