जुन्या ९४४ ची पाती काढून मास एअरफ्लो बसवावा का?

नेकारकाठचा
माझी पोर्शे ९४४ आहे, १९८६ ची, अडीच लिटर, आठ व्हॉल्व्ह. मी श्टुटगार्टला राहतो, म्हणजे गाडी माहेरीच आहे म्हणा (जन्म मात्र नेकारझुल्मचा, आउडीच्या कारखान्यातला). दोन महिने झाले, दोन हजार आरपीएमच्या आसपास पाय हलका ठेवला की हिसके देते. मूळ एअरफ्लो मीटरमध्ये (इंजिनात येणारी हवा मोजणारा भाग) स्प्रिंग लावलेली पाती असते. आत येणारी हवा तिला ढकलते, तिच्यासोबत एक काटा कार्बनच्या पट्टीवर सरकतो आणि त्या सिग्नलवर ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) पेट्रोल सोडतो. रोजच्या चालवण्यात काटा एकाच जागी घासणार, मग पट्टी झिजणारच. हे सगळं काढून मास एअरफ्लो, म्हणजे गरम तारेचा सेन्सर, टाकायचं ठरवलंय. पातीचा अडसर गेला की पिकअपही वाढेल. बोला.

पान्हापक्कड
असहमत. पट्टी झिजली असेल तर एअरफ्लो मीटरचं काळं झाकण उघडा आणि काटा जरासा सरकवून न झिजलेल्या भागावर आणा. तासाभराचं काम. आधी मल्टिमीटर लावून पाती बोटाने सावकाश ढकला (डिजिटल नको, काट्याचा घ्या). मल्टिमीटरचा काटा मध्येच दचकला तर पट्टी दोषी. नाही दचकला तर सेन्सरला हात लावू नका.
पिकअपचं म्हणाल तर या इंजिनाचे १६३ अश्वशक्ती पातीने अडवून ठेवलेले नाहीत. कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) आणि हेड (इंजिनाचा वरचा भाग) तेच ठेवून नुसती पाती काढलीत तर आवाज बदलेल, बाकी फार काही नाही.

घाटवळण
पान्हापक्कड, तुम्ही पातीच्या प्रेमात आहात! तिला हवेचं आकारमान कळतं, वजन नाही. आल्प्समध्ये वर चढलात की हवा विरळ होते आणि मिश्रण रिच व्हायला लागतं, म्हणजे पेट्रोल जास्त पडतं. गरम तार ठरलेल्या तापमानावर ठेवायला किती करंट लागतो त्यावरून थेट वजन कळतं. आणि पोर्शेने स्वतः ९४४ नंतरच्या ९६८ मध्ये पाती सोडलीच ना? एकदा बॅकफायर झाला (भडका उलटा आला) की पाती वाकते, ते वेगळंच.

पान्हापक्कड
९६८ ला त्या सेन्सरसाठी लिहिलेला ईसीयू होता. इथे ८६ च्या डब्याला पातीची भाषा येते. मध्ये सिग्नल बदलून देणारा दुभाषा बसवा, नाहीतर नवी चिप, वर वाइडबँड (धुरातला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर) लावून ट्यूनिंग. तो खर्च कोणी आधी सांगत नाही. शिवाय तारेला हवेची दिशा कळत नाही. रेसचे कॅम असले की हवा थोडी उलटी फिरते आणि तार ती दोनदा मोजते. तेल लावलेला कापडी फिल्टर वापरलात तर तार माखते ती निराळीच.

कागदपत्रे
इंजिनाचं तुम्ही बघा. जर्मनीत तीस वर्षांवरच्या गाडीला एच नंबरप्लेट (ऐतिहासिक गाडीची) हवी असेल तर बदल त्या काळाला शोभणारा लागतो. धुरावर परिणाम करणारं काही बसवण्याआधी तपासनिसाला विचारा. नाहीतर गाडी झकास आणि प्लेट गायब.

नेकारकाठचा
काल झाकण उघडलं. पट्टीवर रेघ आहे, पण मल्टिमीटरचा काटा एकदाही दचकला नाही. मग स्मोक टेस्ट केली (नळ्यांत धूर सोडून गळती शोधली). पातीकडून इंजिनाकडे जाणाऱ्या रबरी नळीच्या घडीत बोटभर चीर! न मोजलेली हवा तिथून आत जात होती. मागच्या वर्षी एका गॅरेजवाल्याने ‘नळी तपासली’ म्हणून पैसे घेतले होते.
नळी मागवली आहे. पण मास एअरफ्लोचा विचार सोडलेला नाही हं.

घाटवळण
सोडूही नका. जुलैत आल्प्समधला स्टेल्वियो घाट चढा आणि मग सांगा.

पान्हापक्कड
जुनी नळी टाकू नका, फोटो टाका. आणि क्लिप नवी घ्या, ती जुनी परत घट्ट बसत नाही.