दिव्याखाली एकच मिरची: कळ्या गळतायत, उजेड 12 तासांवर आणू का?

खोलीतला_मळा:
खोलीत ऊन येतच नाही, म्हणून एकच मिरचीचं रोप ग्रो लाइटखाली वाढवतोय. वाण माहीत नाही, एका वाळलेल्या मिरचीतलं बी टाकलं होतं. कुंडी साधारण 10 लिटरची, कोकोपीट आणि गांडूळखत निम्मं-निम्मं. दिवा जांभळा, खोक्यावर 1000 वॅट छापलंय. शेंड्याच्या दोनेक फूट वर टांगलाय आणि रोज 18 तास चालू असतो.

रोप उंच झालंय पण किडकिडीत, दोन पानांत चार-चार बोटांचं अंतर. कळ्या येतात, फुलं उमलतात, मग देठ पिवळा पडून गळतात. पानांच्या खालच्या बाजूला बारीक पारदर्शक कण दिसतायत, साखरेसारखे. नेटवर सगळीकडे लिहिलंय की वाढीला 18 तास आणि फुलोऱ्याला 12 तास उजेड. मग आता 12 वर आणू का? आणि ते कण म्हणजे माव्याची अंडी का?

पानफुटी:
आणा 12 वर, झाडालाही रात्र लागतेच की. कणांवर कडुनिंबाचं तेल फवारा, जे काही असेल ते मरेल.

कोरडवाहू:
तेलाची बाटली जरा खाली ठेवा, आधी दिव्याचं बघू.

ते 18 आणि 12 तासांचं वेळापत्रक गांजाच्या झाडाचं आहे. घरात दिव्याखाली झाड वाढवण्यावर नेटवर जे लिखाण सापडतं, त्यातलं बरंचसं त्याच झाडाबद्दल असतं आणि लोक ते डोळे झाकून टोमॅटो-मिरचीला लावतात. त्या झाडाच्या बहुतेक जाती रात्र मोठी झाल्याशिवाय फुलत नाहीत. शेवंतीचंही तसंच. मिरचीला रात्रीच्या लांबीशी काही देणंघेणं नाही. रोप पुरेसं वाढलं की पहिल्या बेचक्यात कळी येतेच. तुमच्याकडे कळ्या येतायतच, म्हणजे अडचण फुलायची नाही, फुल टिकायची आहे. 12 तास केलेत तर आधीच अर्धपोटी असलेल्या रोपाच्या ताटातला तिसरा हिस्सा काढून घ्याल.

आता हिशोब. उजेड किती तास यापेक्षा दिवसभरात एकूण किती पडला हे बघायचं. पानावर पडणारा उजेड मोजतात मायक्रोमोलमध्ये, म्हणजे उजेडाच्या कणांच्या मोजणीत, दर चौरस मीटरला दर सेकंदाला. दहा लाख मायक्रोमोलचा एक मोल. 100 मायक्रोमोल 18 तास दिला तर दिवसाचे जेमतेम साडेसहा मोल होतात. 400 मायक्रोमोल 14 तास दिला तर 20 मोल. मिरचीला फळ धरायचं असेल तर मी 20 च्या खाली समाधान मानत नाही. पालेभाजी 12-15 वर खूश असते, मिरची नाही. चार बोटांचं अंतर असलेलं किडकिडीत रोप म्हणजे उजेड कमी पडतोय, याला वेगळा पुरावा नको.

खोक्यावरच्या 1000 वॅटवर जाऊ नका. आत 10 वॅटचे म्हणवणारे 100 एलईडी असले की गुणाकार करून हजार छापतात. प्रत्यक्षात दिवा वीज किती ओढतो ते प्लगला लावायच्या मीटरवर बघा, तोच खरा आकडा. मोबाइलवरचं लक्स मोजणारं ॲप जांभळ्या दिव्याला निरुपयोगी, कारण लक्स हे माणसाच्या डोळ्याच्या मापाचं आणि डोळा हिरव्याला जास्त मानतो. पांढरा एलईडी असेल तर लक्सला 70 ने भागून मायक्रोमोलचा अंदाज येतो.

आणि जांभळाच का? पान फक्त लाल-निळंच खातं हा समज फार चिवट आहे. मॅकक्री या संशोधकाने 1972 मध्ये बऱ्याच पिकांच्या पानांवर मोजून दाखवलं की हिरवा उजेडही चांगलाच वापरला जातो. शिवाय जांभळ्यात पान पिवळं पडतंय की हिरवं आहे तेच कळत नाही, हा माझा खरा राग. पुढचा दिवा घ्याल तेव्हा पांढरा घ्या. तोवर आहे तोच खाली आणा, पण एका दमात नको. दर दोन-तीन दिवसांनी चार बोटं, शेंड्यापासून एक फुटापर्यंत. वरची पानं फिकी पडली किंवा कडा वर वळल्या की थांबा.

कण अंड्यांचे नसावेत. घरातल्या उबेत मावा अंडी घालत बसत नाही, थेट पिल्लं देतो. पान उलटं करून नखाने एक कण दाबा. पचकन फुटून ओलसर डाग राहिला तर ते पानाच्याच फुगलेल्या पेशींचे फोड आहेत. अतिनील किरण नसलेल्या दिव्याखाली, दमट आणि कोंदट हवेत मिरची-टोमॅटोला ते येतात. दिसायला भयंकर, पण रोप त्याने मरत नाही. तेल मारून उपयोग नाही. छोटा पंखा लावा, पान हलकं थरथरेल इतपत. खोडही त्याने जाड होतं. पान चुरडत असेल तर मात्र गोष्ट वेगळी: कडा वर वळल्या तर फुलकिडे, खाली वळल्या तर कोळी, म्हणजे डोळ्याला जेमतेम दिसणारी, रस शोषणारी कीड. दहापट भिंग ठेवा जवळ.

निम्मं गांडूळखत फार होतं, ओल धरून ठेवतं. पुढच्या वेळी पाव पुरे, उरलेल्या जागी परलाइट, म्हणजे ते हलके पांढरे सच्छिद्र खडे.

गळणारी फुलं: मिरचीचं फूल स्वतःच्याच परागाने फळतं, पण बंद खोलीत ते हलवणार कोण? दिवा लागून तीन-चार तास झाले की फुलाच्या देठाला टिचकी मारा. मधले जांभळट परागकोश उकलून बोटावर पांढरी पूड आली की समजा वेळ बरोबर साधलीत. शेंड्याशी थर्मामीटर लटकवा. दिवसा 32 अंशांच्या वर किंवा रात्री 25 च्या वर राहत असेल तर टिचक्या मारून काही होणार नाही, फूल गळणारच.

खोलीतला_मळा:
मीटर लावला, 90 वॅट! कण दाबला तर फुटला. पंखा लावलाय. उजेड कमी असेल तर 24 तासच ठेवला तर नाही का चालणार?

कोरडवाहू:
नको. अखंड उजेडात टोमॅटोची पानं पिवळी पडतात, मिरचीची आखडतात. 16 च्या पुढे जाऊ नका. तुमचा दिवा दुबळा नाही, लांब आहे. 90 वॅट 14 तास म्हणजे दिवसाला सव्वा युनिट, महिन्याला 38 च्या आसपास. चार तास कमी करून दिवा जवळ आणलात तर बिलही उतरेल आणि रोपाला उजेडही जास्त मिळेल.

पानफुटी:
बरं, तेल मागे घेतो. शेंडा खुडायचा का?

कोरडवाहू:
खुडा, पण दिवा खाली आणून दोन आठवडे गेल्यावर. आत्ता खुडलात तर फुटणाऱ्या फांद्याही तशाच किडकिडीत येतील. जुना लांबलेला भाग काही आखूड होणार नाही, त्याला काठी बांधा. नवीन पानांतलं अंतर दोन बोटांवर आलं की खुडायला हरकत नाही.