मदत हवी आहे: गुहागर आणि मालवणच्या मध्ये दोन रात्री, खाडीजवळ, गळ घेऊन. तातडीचं!

वऱ्हाडी_गळ (बुधवार, रात्री ११.५२)
नमस्कार मंडळी. शनिवारी पहाटे निघतोय आणि मधल्या दोन रात्रींचं बुकिंग आज संध्याकाळी गेलं. मालकांच्या घरी सुतक आलंय. त्यांचा काही दोष नाही, पैसेही लगेच परत पाठवले. पण आता गुहागर सोडल्यावर मालवण येईपर्यंत पुढच्या बुधवारी-गुरुवारी राहायचं कुठं? घरगुती जागा हवी. खाडी चालत जाण्याएवढी जवळ हवी. पकडलेला मासा करून देणारं कोणी असेल तर फारच छान. हॉटेल नको, रिसॉर्ट तर अजिबातच नको. दोन तास फोन लावतोय, कोणी उचलत नाही. लवकर सांगा.

खाडीवाला (गुरुवार, सकाळी ६.१०)
रात्री दहा ते बारा कोकणात फोन कोण उचलणार? लोक झोपतात.
किती जण? गळ की पाग, म्हणजे फेकायचं जाळं? किनाऱ्यावरून की होडीतून? गुहागर ते मालवण म्हणजे अर्धा रत्नागिरी जिल्हा आणि वर देवगड तालुका. त्यात खाड्या किती आहेत, मोजल्यात का?

सुमेधा_कोथरूड (सकाळी ७.४५)
गणपतीपुळ्याला राहा ना! आम्ही मेमध्ये गेलो होतो. खोलीतून समुद्र दिसतो, दर्शन होतं, मालगुंडला केशवसुतांचं स्मारक आहे, मुलांना फार आवडलं. मासेमारीचं काही माहीत नाही.

फिरकी_४००० (सकाळी ८.०२)
रॉड किती फुटी? रीळ कुठलं? दोरी ब्रेडेड की साधी? हे कळल्याशिवाय जागा सुचवून उपयोग नाही. मी जयगडच्या खडकांवरून पॉपर मारतो, नऊ फुटी रॉड, ४००० साइजचं रीळ. आमिष वगैरे जुन्या लोकांचे चाळे. कृत्रिम आमिषावर एकदा मोठा मासा लागला की परत कोळंबी हातात धरणार नाही.

खाडीवाला
झाली जाहिरात सुरू.

वऱ्हाडी_गळ (सकाळी ९.३०)
रॉडबद्दल विचारलंच नाही भाऊ, राहण्याबद्दल विचारलंय. दोघंच आहोत, मी आणि बाबा. गळानेच, किनाऱ्यावरून किंवा जेट्टीवरून. रॉड आणि रीळ तलावावर वापरतो तेच आणतोय.

खाडीवाला
तलावावर? कुठलं गाव तुमचं?

वऱ्हाडी_गळ
नागपूर. आयडीवरून कळत नाही काय?

अकोलेकर
नागपूर वऱ्हाडात कधीपासून आलं?

वऱ्हाडी_गळ
आजोळ अमरावती आहे राजे हो. धागा कशाचा चाललाय?

फिरकी_४०००
तलावाचं रीळ खाऱ्या पाण्यावर आणताय म्हणजे चार दिवसांत बेअरिंग जाणार. मी उगाच विचारत नव्हतो. निदान रोज रात्री गोड्या पाण्याने पुसून घ्या. जोरात धार मारू नका, धारेने मीठ आत जातं. आणि वाळूवर ठेवू नका, कधीच.

शेवटची_भरती (सकाळी १०.१५)
कोणी तिथीबद्दल बोलतच नाहीये. पुढच्या गुरुवारी त्रिपुरी पौर्णिमा. म्हणजे यांच्या त्या दोन रात्री बरोबर उधाणावर, सगळ्यात मोठ्या भरतीवर आहेत. तिथी गुणिले पाऊण करा: चतुर्दशीला साडेदहा, पौर्णिमेला सव्वाअकरा, दिवसाही आणि रात्रीही. थोडं मागेपुढे धरायचं, पण गणित साधारण बसतं. भरतीचे शेवटचे दोन-अडीच तास आणि ओहोटी लागल्यावरचा पहिला तास हाच खरा वेळ. म्हणजे रात्री आठ ते बारा पाण्यावर. मग खोली खाडीपासून किती लांब यापेक्षा रात्री बाराला फाटक उघडं असेल का, हे आधी विचारा. आमचा एकदा दिवेआगरात साडेअकराला कडी वाजवून सगळा वाडा जागा झाला होता. सकाळी चहा आला तोही न बोलता.

खाडीवाला
उधाणात खाडीत गळ टाकून काय मिळणार? पाणी गढूळ, ओढ एवढी की दोरीला वजनासाठी लावलेलं शिसं जागेवर राहत नाही, वर गवत नि प्लास्टिक दोरीला अडकतं. खाडीत भांगाचं, म्हणजे लहान भरती-ओहोटीचं पाणी बरं. अष्टमीच्या आसपास जा.

शेवटची_भरती
तांबोशी उधाणातच लागते. वीस वर्षं बघतोय.

खाडीवाला
मी तीस वर्षं बघतोय. आणि माणूस परवा निघतोय, त्याला अष्टमी सांगून काय उपयोग, हे माझ्याही उशिरा लक्षात आलं. असो.

पावशीचा_बाबू (दुपारी १२.२०)
पुलाजवळ बसा. ओढ पुलाच्या खांबामागे कमी असते, मासा तिथंच टेकतो. पूर्णगडला मुचकुंदीवर पूल आहे, पलीकडे गावखडी. जैतापूरला पण पूल आहे. वाघोटण खाडीवर विजयदुर्ग. या तिनांतलं निवडा.

गोवा_गँग
सरळ तेरेखोलच्या फेरीने केरीला उतरा आणि गोव्यात राहा. रात्री बाराला कोणी कडी लावत नाही.

वऱ्हाडी_गळ
गोवा नको. पावशीचा_बाबू, धन्यवाद, पहिलं कामाचं उत्तर. पूर्णगड नकाशावर पाहिलं. बाबांना चालेल का तिथं? गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, वय ७२.

शेवटची_भरती
हे पहिल्या पोस्टमध्ये लिहायला काय झालं होतं?

पावशीचा_बाबू
मग पुलाखाली नको. पौर्णिमेची ओहोटी म्हणजे पाणी पार लांब जातं आणि मध्ये चिखल उरतो. दगडांवर कालवं, चप्पल फाडतात. जेट्टी बघा, पण पायऱ्यांवर उतरू देऊ नका, भरतीने भिजलेल्या पायऱ्यांवर शेवाळ असतं. घडीची खुर्ची घेऊन वरच बसवा. किंवा गावखडीची पुळण, म्हणजे वाळूचा किनारा: सुरूच्या बनात सावली आहे, वाळू घट्ट आहे, लहान गळाला कोळंबीचा बोटभर तुकडा लावून फुटणाऱ्या लाटेच्या मागे टाकायचा. मुडदुशी लागतात. मोठा मासा नाही, पण दोन तासांत पाच-सहा मिळाल्या तर म्हाताऱ्या माणसाला त्यात मजा. बसल्या जागी होतं.

वऱ्हाडी_गळ
हे बेस्ट. बाबांनी समुद्र दोनदा पाहिलाय, दोन्हीदा जुहूला. आमच्याकडे रोहू-कटल्याला कणकेचा गोळा लावतो. तो चालेल का?

खाडीवाला
नाही. कोळंबी, नाहीतर बांगड्याचे, तारलीचे तुकडे.

पावशीचा_बाबू
बोयरांना कणीक चालते. जेट्टीवर पोरं पावाचा गोळा लावतात.

खाडीवाला
बोयर कोण खातं?

पावशीचा_बाबू
माझी आई.

फॅमिली_डॉक्टर_निवृत्त (दुपारी ३.०५)
कोणी विचारलेलं नाही, तरी लिहितो, कारण तलावावरची सवय असलेली माणसं इथेच फसतात. गळाला शिंगाळा लागला तर हाताने पकडू नका. पाठीवर एक आणि दोन्ही बाजूंना एक-एक असे तीन काटे असतात, विषारी. पक्कड वापरा. पुळणीवर गुडघाभर पाण्यात चालताना पाय उचलून टाकू नका, घासत चाला, म्हणजे वाळूत बसलेली वागळी (शेपटीला काटा असलेला चपटा मासा) सरकून जाते. काटा लागलाच तर भाग सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवून ठेवायचा, अर्धा ते दीड तास. वेदना खूपच उतरते. हळद, चुना, कांदा यांत वेळ घालवू नका, आणि त्यानंतर दवाखान्यात जाच. पोट फुगवणारा केंड लागला तर सोडून द्या. तो खायचा नसतो, कोणी काहीही सांगो.

देवगडचो_बाबल्या (सायंकाळी ५.४०)
विजयदुर्गाक या. वाघोटणच्या खाडयेत चोणक गावता.

रोहेकर
चोणक म्हणजे आमचा जिताडा. तो अलिबाग-पेणचाच खरा, खाजणातला. बाकी सगळे नातेवाईक.

देवगडचो_बाबल्या
चोणक म्हणजे चोणक. मालवणात येवन जिताडो इचारशात तर लोक हसतले.

रोहेकर
हसू देत. हा मासा जावयाला घालायचा मासा आहे.

देवगडचो_बाबल्या
आमी जावयाक घालूक नाय, आपणच खातो.

वऱ्हाडी_गळ (सायंकाळी ६.३०)
मंडळी, मासा एकच आहे ना? मग पुढे चला. अजून एकही घराचा पत्ता मिळालेला नाही. चोवीस तास होत आले.

मधली_आळी (रात्री ८.१५)
मी मूळ गुहागरची. मंगळवारी गुहागरला कुठे उतरताय? वाडीतलं, नारळी-पोफळीच्या बागेतलं घर आहे का? तसं असेल तर नक्की विचारून घ्या. आमच्याकडची बरीच घरं शाकाहारी आहेत. दिवेआगरलाही तसंच. उकडीचे मोदक मिळतील, पण मासा स्वयंपाकघरातच काय, अंगणातही चालणार नाही.

वऱ्हाडी_गळ
अरे बापरे. वाडीतलंच आहे. त्यांनी फोनवर ‘जेवण घरगुती’ एवढंच सांगितलं होतं. आम्ही वाटेत हर्णैच्या लिलावातून आमिषाला कोळंबी घेणार होतो, डिकीत बर्फाचा डबा आहे.

मधली_आळी
डबा गाडीतच ठेवा. बर्फ रात्री बाहेरून भरा. आणि पाणी अंगणात ओतू नका. आमच्या आजीने एकदा पाहुण्यांची अख्खी गाडी धुवायला लावली होती.

सुमेधा_कोथरूड
म्हणून म्हणते गणपतीपुळं बरं.

ट्रॉलर_नको (रात्री ९.००)
तुम्ही हौशी लोक सहल ठरवताय, ठीक आहे. पण खाडीत आता मासा राहिलाय कुठे? पर्ससीनची मोठी जाळी लावणारे आणि एलईडी दिवे लावून रात्रीत उपसणारे आधी बघा. एलईडी मासेमारीवर केंद्राने २०१७ मध्ये बंदी घातली. रत्नागिरीच्या कुठल्याही टेकडीवर रात्री उभं राहून क्षितिज बघा आणि मग मला सांगा. किनाऱ्यावरून जाळं ओढणारे रापणीवाले दोन-दोन तास दोर ओढतात आणि टोपलीभर मासळी येते.

खाडीवाला
सगळं बरोबर, पण यासाठी वेगळा धागा काढा. मी पहिला प्रतिसाद देईन.

पावशीचा_बाबू
मालवणचं एक राहिलं. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासचा भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. किल्ल्याकडच्या खडकांवर गळ घेऊन जाऊ नका. तारकर्ली-देवबागकडे कर्लीच्या खाडीवर बसा, तेही घरमालकांना विचारून.

गावखडीची_सून (रात्री १०.१०)
व्यनि (खासगी निरोप) केलाय. माझ्या चुलत दिरांच्या शेजारी एक घर आहे, दोनच खोल्या देतात. संडास बाहेर आहे पण कमोड आहे, हे बाबांसाठी मुद्दाम विचारलं. काकू मासे करतात. फाटक नाहीच, त्यामुळे कडीचा प्रश्न नाही. कुत्रा आहे, त्याला पहिल्या दिवशी बिस्कीट द्या. गुहागरहून तवसाळ-जयगड फेरीने या, नाहीतर चिपळूणचा वळसा पडेल. शेवटच्या फेरीची वेळ गुहागरातच कोणालातरी विचारून ठेवा.

वऱ्हाडी_गळ (रात्री १०.१८)
ताई, तुमचे उपकार. बोललो काकूंशी. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, “मासे तुम्ही आणणार की मी आणून ठेवू?” मी म्हटलं आम्ही आणू. त्या म्हणाल्या, “मी आणूनच ठेवते.”

शेवटची_भरती
अनुभवी बाई आहे.

गोवा_गँग
तरी गोव्यात...

वऱ्हाडी_गळ (पुढचा शुक्रवार, सकाळी ७.२०)
निघण्याआधी घाईत लिहितोय. पहिल्या रात्री जेट्टीवर आठ ते पावणेबारा. खाडीवाला बरोबर निघाले, ओढीने शिसं सरळ पुलाकडे जात होतं. दोन केंड लागले, तीन गळ दाताने कापून गेले. बाबा म्हणाले, हा मासा आहे का पक्कड? काल सकाळी पुळणीवर गेलो. बाबांना खुर्चीत बसवलं, चड्डीच्या खिशात सोललेली कोळंबी. पहिली मुडदुशी लागली तेव्हा त्यांना कळलंच नाही, रॉडचं टोक नुसतं थरथरत होतं, ते म्हणाले वारा असेल. दोरी गुंडाळली तर वीतभर लांब, चांदीसारखी, टोकदार तोंडाची. एकूण सात. काकूंनी रव्यात घोळवून तळल्या. त्यांनी आणून ठेवलेली सुरमई तिरफळ घालून केली होती, ती बाबांनी दुसऱ्यांदा मागितली नाही, मुडदुशी मागितली.
आता अडचण. काल बाबांनी उठताना रॉड वाळूवर आडवा ठेवला. रीळ अर्धं फिरतं आणि करकरतं. मालवणात रीळ उघडून साफ करून देणारं कोणी आहे का? आज संध्याकाळपर्यंत हवं.

फिरकी_४००० (सकाळी ७.२४)
रीळ कुठलं आहे?